श्वास रोखणारं घराणं

शुक्रवार, ६ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. (साष्टांग अजून जमत नाही, तेव्हा उभ्यानेच केला असं समज.)

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की खाली वाकलं की माझी बोटं आता पायाच्या अंगठ्याला टेकतात. ते खरं नाही. बोटं मोज्याला टेकली, आणि मोजा पुढे चार बोटं लोंबत होता. पत्र पेटीत टाकल्यावर लक्षात आलं आणि तेव्हापासून जिवाला चैन नाही. एकूण प्रगती मोज्याची आहे, माझी नाही. फोन करून सांगितलं असतं, पण फोनवर माणसं नुसती हो हो करतात हे तुझंच मत.

तू विचारलंस की पिलाटेस म्हणजे नेमकं काय करतात. छताला वर्ख लावताना परांचीवरून पडले त्याला चार महिने होत आले. मणक्याची चीर सांधली, पट्टा सुटला, पण मान मागे टाकून हात वर नेला की कंबरेत कळ येते. आणि आपलं काम तर सगळं मान मागे टाकूनच. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला, हाड जुळलंय म्हणाले, आणि उरलेलं या वर्गात जाऊन शीक म्हणून पाठवून दिलं.

वर्ग टायरच्या दुकानावर भरतो. रबराचा वास, एका भिंतीला आरसा, जमिनीवर निळ्या चटया. आम्ही सहा जण. एक दातांचे डॉक्टर आहेत, ते सगळा व्यायाम स्वतःच तोंड उघडं ठेवून करतात. एक बाई दर आठवड्याला नवी चटई आणतात आणि जुनीच पाठ घेऊन परत जातात. शिकवणारी पूर्वी शहर बस चालवायची. चालवता चालवता तिची स्वतःची कंबर गेली, तेव्हा हे शिकली. अजून आम्हाला प्रवासीच समजते. पुढे सरका, मधेच थांबू नका, असं ओरडत चटयांमधून फिरते.

मुख्य प्रकार म्हणजे शंभरी. उताणं पडायचं, डोकं नि पाय जरा उचलायचे, आणि पाण्यावर थापट्या माराव्यात तसे हात शंभर वेळा हलवायचे. पाच थापट्यांना श्वास घ्यायचा, पाच थापट्यांना सोडायचा. ज्या घरात तीन पिढ्या श्वास रोखून सोन्याचा वर्ख लावला जातो, त्या घरची मुलगी सव्विसाव्या वर्षी श्वास घ्यायला शिकतेय. पुढच्या महिन्यात बहुतेक दूध प्यायला शिकवतील.

आता कामाचं. नाट्यगृहाच्या छताची वेलपत्ती एप्रिलअखेर पुरी करून द्यायची आहे. माझ्या जागी वर चुलतभाऊ आहे. तो पानाला वर्ख लावतो की पावाला लोणी, हे खालच्या खुर्च्यांवरूनही कळतं. तरी काका म्हणतात की मी यापुढे कायमचं टेबलाशी बसावं आणि तसबिरींच्या चौकटी कराव्यात. आत्या, चौकटी मला नकोत. मला वर जायचंय. घरात शेवटचा शब्द तुझा. टाचणीला चढू दे, एवढ्या दोन ओळी तू काकांना लिहिल्यास तर ते मोडणार नाहीत. त्या दोन ओळींसाठी हे एवढं लांबण.

परांचीवाल्यांना काकांनी अजून परत बोलावलेलं नाही.

लोभ आहे तेवढा राहू दे. रागवायचंच असेल तर हप्त्याहप्त्याने रागव.
तुझी,
टाचणी


बुधवार, ११ मार्च

चि. टाचणीस,
अ. उ. आ. त्यातले दोन मी परत घेतले आहेत. कारण खाली आहे.

पत्र वाचून आधी हसू आलं, मग कीव आली, मग दूध उतू गेलं. आपल्या घरात आजवर एक दारुडा, एक पळून गेलेला आणि एक पेटीवादक झाला. लोळायची शिकवणी लावणारं माणूस मात्र तूच पहिलं.

मी तुला दहाव्या वर्षापर्यंत शाळेत घातलं नाही. तिथे ढ पोरांसाठी थांबावं लागतं. कारखान्यातल्या टेबलाशी बसवून अक्षर शिकवलं, आकडे शिकवले, आणि सहाव्या वर्षी हातात ब्रश दिला. पहिला धडा काय होता? ब्रश गालावर फिरवायचा, गालाच्या तेलाने वर्ख त्याला चिकटतो. वर्ख ब्रशवर आला की छातीचं दार लावायचं. पानावर बसला की उघडायचं. श्वास सुटला, सोनं गेलं. हे मला माझ्या वडिलांनी शिकवलं, त्यांना त्यांच्या वडिलांनी. आणि तू आता बस चालवणारीकडून दार सताड उघडं टाकायला शिकणार! शाबास.

तू पडलीस ती फळी सरकली म्हणून. त्यात तुझ्या फुप्फुसांचा काय संबंध? ज्याने फळी बांधली त्याला घरी बसवलं ते उत्तम झालं. एकवीस वर्षं बांधतोय म्हणजे एकवीस वर्षं आपण नशिबाने वाचलो.

दोन ओळी लिहिणार नाही. मीसुद्धा त्रेचाळिसाव्या वर्षी शिडी सोडली, डोळ्यांनी दगा दिला म्हणून. टेबलाशी बसले आणि मेले नाही. तुझ्या चुलतभावाचा हात जड आणि डोकं हलकं आहे. देवाने घाईत उलटं भरलं. पण त्याची पाठ धड आहे.

शाळेच्या प्रमाणपत्रांचं काम आलंय. तीनशे बारा नावं, मुंगीएवढ्या अक्षरात. ओट्याशी उभ्यानेच लिहिते, बसलं की अक्षर बिघडतं. हे पत्रही तिथेच लिहिलंय, तेव्हा फोडणीचा डाग दिसला तर तो मजकूर समजू नकोस.

लोभ मागायची गरज नाही. तो माझ्याकडून कमी होत नाही, हीच माझी अडचण.
आत्या


रविवार, २२ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. परत घेतलेले दोन आशीर्वाद या पत्रानंतर आणखी कमी होतील, म्हणून आधीच नमस्कार जास्तीचा.

मोज्याची दुरुस्ती मी केली ती मोठी दुरुस्ती टाळण्यासाठी. माझं तसंच असतं, लहान खोटं लगेच कबूल करते म्हणजे मोठं पोटात राहतं. ते आता लिहिते.

गेल्या मंगळवारी बसवाल्या बाईंनी मला काम करून दाखवायला सांगितलं. ब्रश नाही, वर्ख नाही, चटईवर उताणं पडून हवेतच. मी मनातल्या मनात तिची कीव करत गालावरून हात फिरवला, वर नेला, आणि पाच पानं लावल्यासारखं केलं. तिने माझ्या बरगड्यांवर हात ठेवला होता. माझं झाल्यावर ती म्हणाली की चाळीस सेकंद इथे काहीच हललं नाही. मग विचारलं, तू काम करतेस की बुडतेस? दातांचे डॉक्टर हसले. त्यांचं तोंड उघडंच होतं म्हणा.

मी तिला आपली परंपरा समजावून सांगितली. ती ऐकताना कान खाजवत होती. मग तिने एवढंच सांगितलं की जिथे श्वास रोखलास तिथे कंबर दगड होते. हात वर गेला की तो दगड मणक्यावर बसतो. म्हणून बाकी सगळं येऊनही तुझी कळ जात नाही. मी म्हटलं, मला फक्त पडण्याआधी होते तशी व्हायचंय. ती म्हणाली, पडण्याआधी होतीस तशी होऊन काय करणार, पुन्हा पडणार? मला इतका राग आला की घरी येईपर्यंत मी तिच्या पायातल्या फाटक्या मोज्यांना नावं ठेवत होते. जिन्यात पोचले आणि बसले. कारण तिला काहीच माहीत नसताना तिने बरोबर जागी बोट ठेवलं होतं.

आत्या, फळी सरकली नव्हती.

त्या दिवशी मी छताच्या मधल्या फुलाभोवती ओळीने चौदा पानं लावली. काका खालून बघत होते म्हणून जरा तोरा होता. चौदा पानांत श्वास किती घेतले ते मला आठवत नाही, फार नसतील. पंधराव्याला डोळ्यांपुढे काळं झालं. मला वाटलं दिवा गेला. मागे सरकायला पाय टाकला, तिथे फळी नव्हतीच, फळी संपली होती. खाली दुसऱ्या रांगेतल्या खुर्चीवर आदळले. शुद्धीवर आले तेव्हा काका परांचीवाल्यांना शिव्या देत होते आणि मला विचारत होते की फळी सरकली ना? मी मान हलवली. मान हलवायला काही लागत नाही. नंतर तुला पत्रात तेच लिहिलं, आणि शाईने लिहिल्यावर ते खरंच झालं.

चक्कर आली म्हटलं असतं तर काकांनी मला जन्मात वर चढू दिलं नसतं. आणि तुझा पहिला धडा चुकला असं मला म्हणावं लागलं असतं.

एक विचारू? तीनशे बारा नावं, मुंगीएवढं अक्षर, तेही चष्म्याशिवाय. मग त्रेचाळिसाव्या वर्षी दगा दिलेले डोळे कुठले?

उत्तर दिलं नाहीस तरी लोभ धर. दिलंस तर दोन ओळींचीही वाट बघते.
टाचणी


सोमवार, ३० मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा नमस्कार. घाईत आहे, तेव्हा क्षेमकुशल तुझं तूच धरून चाल.

पोरीचं काय करायचं ते एकदा सांगून टाक. ती अंगाला रबराचा वास घेऊन येते आणि कारखान्यात बसल्या बसल्या लांब लांब श्वास सोडते. परवा तिने चक्क खिडकी उघडली! आपल्या बाबांनी खिळे मारून बंद केलेली खिडकी. मी ओरडलो की वर्ख उडेल, तर म्हणते उडाला का ते बघा. उडाला नाही, पण तो मुद्दा नाही.

आमचे चिरंजीव वर आहेत. काम चाललंय. वेग चांगला आहे, बाकी विचारू नकोस. नवीन परांची बांधणाऱ्याने फळ्या इतक्या उंच लावल्यात की पोराचं डोकं दोनदा छताला आपटलं. छताचं फारसं नुकसान नाही.

मी तिला टेबल दिलं, चांगला दिवा दिला, गादीची खुर्ची दिली. तरी तोंड पाडून असते. तू हो म्हण म्हणजे कायमचं ठरवून टाकतो.

लोभ हवाच, पण आधी उत्तर हवं.
तुझा भाऊ


शनिवार, ४ एप्रिल

चि. टाचणीस,
अ. उ. आ. आता किती उरलेत ते मोजत बसू नकोस.

तुझ्या काकाचं पत्र सोबत पाठवलंय. त्याच्या अक्षराकडे बघ आणि मग सांग, मी तुला शाळेत घातलं नाही ते चूक केलं का. त्याला मी लिहिलं आहे की टाचणी टेबलाशीच बरी.

फळीबद्दल तू लिहिलंस तो कागद मी वाचला नाही असं धर. तूही लिहिला नाहीस असं धर. मुलगी चक्कर येऊन पडली असं बाहेर गेलं तर पुढचं छत आपल्याला कोण देईल? परांचीवाल्याला काय, चार ठिकाणी इमारती चढताहेत. त्याला काम मिळेल. तुझ्या काकाला मात्र नाक एकच आहे.

माझ्या डोळ्यांची चौकशी केलीस. ते होते तिथेच आहेत.

चटईवर लोळून मोठी झालीस म्हणून विचारते, नुसती माहिती म्हणून. माझ्या शेजारणीला खुर्चीतून उठताना कंबरेत असं भरून येतं की तोंडातून आवाज निघतो. आज नाही, वीस-बावीस वर्षं आहे. ती कुणाला सांगत नाही, मला सांगते. तुझी बसवाली अशा वेळी श्वास घ्या म्हणते की सोडा? शेजारीण तशी मूर्ख आहे, तेव्हा सोप्या शब्दांत लिही.

खिडकी लावून घे.
लोभ आहे म्हणूनच नाही म्हणते, हे तुला माझ्या वयाची झालीस की कळेल.
आत्या


शुक्रवार, १० एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. काल चटईवर पहिल्यांदा खरोखरीच साष्टांग घातला, तुझ्या दिशेने. दिशा होकायंत्रावर बघून घेतली होती.

आधी शेजारणीचं. तिला सांग, उठताना श्वास सोडायचा. खुर्चीच्या कडेला यायचं, पाय मागे ओढायचे, आणि फुंकर मारल्यासारखा श्वास बाहेर टाकत उठायचं. रोखायचा नाही. मांजराला हाकलताना हुश्श करतो तसा. पहिले आठ दिवस तिला स्वतःचीच लाज वाटेल. मलाही वाटली. दिवसातून दहा वेळा, पण एकदम दहा नव्हेत. आणि ती डॉक्टरांकडे गेली नसेल तर आधी तिकडे जाऊ दे, बावीस वर्षांचं दुखणं पत्राने बरं होत नाही. तिला हेही सांग की मी तिला मूर्ख समजत नाही. ती ज्या घरात शिकली तिथे कण्हायची पद्धत नसेल, एवढंच.

आता खिडकीचं. आपल्याकडे फाटलेल्या वर्खाला वाऱ्याचा वाटा म्हणतात. त्या वाऱ्यासाठी आजोबांनी खिडकीला खिळे मारले, काकांनी दाराला कांबळं लावलं, उन्हाळ्यात आपण सगळे घामाने निथळलो. गेल्या आठवड्यात मी टेबलाशी बसून नीट बघितलं. आपण छातीचं दार लावतो, एक पान बसवतो, दोन बसवतो, मग जीव कासावीस होतो आणि धाडकन श्वास सुटतो. तो सुटतो थेट वर्खांच्या पुडीवर, आणि वरचे तीन वर्ख उडतात. वारा खिडकीतून कधी येतच नव्हता, आत्या. वारा आपणच होतो. तीन पिढ्या स्वतःच्या नाकाला खिळे मारायचे सोडून आपण खिडकीला मारत बसलो. हे मी बोलून दाखवल्यावर चुलतभावाने माझ्याकडे जसं बघितलं, तसं मी आजवर त्याच्याकडे बघत आले. मला ते मुळीच आवडलं नाही.

मग मी बाईंच्या पद्धतीने करून बघितलं. ब्रश गालावर फिरवताना श्वास बरगड्यांच्या मागच्या बाजूला भरायचा, आणि वर्ख नेताना तोंड जरा कलतं करून नाकाने हळूहळू सोडत राहायचं. पन्नास वर्ख घेतले. पहिले एकोणीस वाया गेले. काका खोकत फिरत होते, त्यांना ते खोकणंही रोखून धरवत नाही. पुढच्या नऊंना भोकं पडली. शेवटचे बावीस बसले, त्यातल्या तिघांना घडी आहे. म्हणजे धड एकोणीस. मी जास्त सांगत नाही.

पाठीचंही जास्त सांगत नाही. मान मागे टाकून हात वर धरला तर कळ पूर्वी पहिल्याच मिनिटाला यायची, आता पंचवीस मिनिटांनी येते, आणि खाली उतरून चटईवर मणका एकेक करत टेकवला की जाते. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय की कंबरेला दोर बांधून, दर वीस मिनिटांनी उतरून, चढायला हरकत नाही. बाईंनी काही लिहून दिलं नाही. त्या म्हणाल्या की पुढचा थांबा तुझा तू बघ. हे वाक्य त्या सगळ्यांनाच सांगतात, नव्या चटईवाल्या बाईंनाही. तरी मला ते लागू पडलं, याचाच राग येतो.

परवा मी परांचीवाल्यांकडे गेले होते. तू लिहिलंस की चार इमारती चढताहेत, त्यांना काम मिळेल. ते एका किराणा दुकानात पोती रचतात. काकांनी सगळ्या ठेकेदारांना फळीची गोष्ट सांगितली आहे. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी दोन पोती सरळ केली, मग म्हणाले की ती परांची त्यांनीच सोडवली होती, एकूण एक गाठ घट्ट होती, ती कापावी लागली. मी विचारलं, तेव्हाच का बोलला नाहीत? म्हणाले, तुझ्या काकांपुढे बोलायचं तर आधी त्यांचा श्वास संपायची वाट बघावी लागते, आणि तुमच्या घरात तो कुणाचाच लवकर संपत नाही. माझी क्षमा त्यांनी स्वीकारली नाही. मालकासमोर आणि चारचौघांत सांगितलंस तर बघू, म्हणाले.

तेव्हा मी ते सांगणार आहे, नाट्यगृहातच, काका, चुलतभाऊ आणि नवीन बांधणारा समोर असताना. परांचीवाल्यांना मी तिथे बोलावलंय. काका ऐकून मला कायमचं टेबलाशी बसवतील, हे मला धडधडीत दिसतंय. सांगून झाल्यावर मी कंबरेला दोर बांधीन आणि वर जायची परवानगी मागेन. मिळाली तर मधल्या फुलाचं पंधरावं पान लावीन. नाही मिळाली तर चौकटी करीन, पण खिडकी उघडी ठेवून.

तुझ्या दोन ओळी मी आता मागत नाही. तू काकांना आधीच कळवून मला अडवू शकतेस. हे पत्र तुला सोमवारी मिळेल, तेव्हा त्यासाठी तीन दिवस मी मुद्दाम मोकळे सोडलेत. लपवून करायचं असतं तर ते मला नोव्हेंबरातच जमलं होतं.

लोभ तुझ्या हातात आहे. तो असला तर मला बरं वाटेल, नसला तरी मी जाणार.
तुझी,
टाचणी

ता. क. एवढं लिहून दिवस लिहायचा राहिला, किंवा मी राहू दिला. गुरुवार, सोळा एप्रिल, सकाळी साडेआठ.